दुसरी गोळी

घरातली औषधं हे थोरलीचं खातं होतं. ते तिला कुणी सोपवलं नव्हतं आणि तिच्याकडून कुणी मागूनही घेतलं नव्हतं. सासूबाईंचा रक्तदाब पहिल्यांदा वाढला तेव्हा नवरा फिरतीवर होता, दिराचं लग्न व्हायचं होतं, आणि उशाशी बसून डॉक्टरांचं बोलणं ऐकायला घरात दुसरं माणूसच नव्हतं. तेव्हापासून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळ्या ठेवायच्या, संपायच्या आत आणायच्या आणि वेळेवर द्यायच्या, हे सगळं तिच्याकडे आलं ते आलंच.

तिला त्याचा कंटाळा नव्हता. उलट दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तीच होती. घर झोपलेलं असताना दोघी उठायच्या. थोरली चहा टाकायची, सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायच्या. आधी गोळी, मग चहा, मग गप्पा. थोरली कपडे कमीजास्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होती, त्यामुळे कुणाची कंबर किती सुटली आणि कोण अजून जुनंच माप सांगतं, याच्या ताज्या बातम्या तिच्याकडे असायच्या. सासूबाई पदर तोंडावर धरून हसायच्या. एरवी दिवसभरात थोरलीचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी उठून जायचं. सासूबाई मात्र पुढे काय झालं, असं विचारायच्या.

पैसे वाचवणं म्हणाल, तर तेही ती करत होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला घरात सगळे ‘मिशा’ म्हणायचे. त्याच्याशी हुज्जत घालून, अख्खा खोका एकदम उचलून, ती बिलात सूट पाडून घ्यायची. घरी येऊन ती सूट सगळ्यांना ऐकवायची. लोक ‘हं’ म्हणायचे आणि जेवायला बसायचे.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

धाकटी मालवाहतुकीच्या एका कचेरीत बिलं तपासायची. वाचायला काही मिळालं की ते उलटंसुलटं करून बघायची तिला खोड होती. एका संध्याकाळी तिने सासूबाईंची गोळ्यांची पट्टी उचलली, उजेडात धरली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं.

“ताई, हे मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं आहे. औषधाचं खरं नाव हे खालचं. ह्याच औषधाची साधी गोळी मिळते. आमच्या कचेरीतल्या एकीची आई घेते. हॉस्पिटलच्या मागच्या दुकानात, निम्म्याहून कमी पैशांत.”

“स्वस्त गोळी स्वस्तातलीच असणार,” थोरली म्हणाली.

“तसं नाही हो. आपण डॉक्टरांनाच विचारू ना.”

आणि धाकटीने खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, औषध तेच, ताकद तीच, खुशाल घ्या, बदलल्यावर एकदा दाब तेवढा तपासून जा. झालं. रात्रीच्या जेवणात दुसरा विषय नव्हता. दीर बायकोकडे असा बघत होता की जणू तिने गोळीचा शोधच लावला. थोरलीचा नवरा तर मांडीवर थाप मारून म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं आपण त्या मिशाचं घर भरत होतो!”

तो ‘आपण’ म्हणाला, पण मिशाकडे कोण जात होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची घासाघीस, तंगडतोड, खोके उचलून आणणं, त्याचं कुणाला काही नव्हतं. आणि हिने एक पट्टी उलटी केली तर घरभर कौतुक.

वाचलेल्या पैशांतून सासूबाईंना नवा चष्मा आला. त्या तो घालून घरभर फिरल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, भिंतींना रंग कधी दिलात?” सगळे हसले. थोरलीही हसली, पण तिच्या पोटात दुखत होतं.

ते सगळं तिने सहन केलं असतं. सहन झालं नाही ते वेगळंच. गोळी धाकटी आणायला लागली, त्यामुळे ती द्यायलाही धाकटीच लागली. न्याहारीनंतर ओले केस पाठीवर टाकून, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन ती यायची. “आई, गोळी,” म्हणायची, सासूबाईंच्या तळहातावर ठेवायची आणि बसच्या घाईने निघून जायची. वर सासूबाईंना म्हणाली, “आता गोळीसाठी पहाटे उठायला नको. झोपा की निवांत.”

सासूबाई झोपायला लागल्या. थोरली एकटीच टेबलाशी बसून चहा प्यायला लागली. कुणाची कंबर सुटली ते सांगायला समोर कुणी नव्हतं. धाकटीने पैसे वाचवले ते वाचवले, पण माझी सकाळ का घेतली, असं तिच्या मनात यायचं आणि चहा कडू लागायचा.

जुन्या पट्ट्यांचं काय झालं, असं नवऱ्याने एकदा विचारलं तेव्हा ती “संपल्या” म्हणाली. संपल्या नव्हत्या. मिशाकडून सूट मिळवून आणलेला जवळजवळ भरलेला खोका तिच्या कपाटात, साड्यांच्या मागे होता. तो बाहेर काढला असता तर त्याची किंमत निघाली असती, त्या किमतीवर विनोद झाले असते, आणि तेवढं ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. शिवाय तिची मनोमन खात्री होती की साध्या गोळीत औषध नाहीच, खडूची भुकटी आहे. इतक्या कमी पैशांत खरं औषध कोण देईल? दुकानात ती रोज बघत होती, स्वस्त कापड पहिल्या धुण्यात आखडतं.

एका पहाटे तिने सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलं.

“आई, चहा झालाय.”

सासूबाई डोळे चोळत आल्या. थोरलीने चहाच्या आधी जुन्या पट्टीतली गोळी पुढे केली. “ही आपली नेहमीची. खरी. तिची पण घ्या हो, उगाच मन मोडू नका, त्यात आहे काय, खडूच तर आहे. पण ही घेत जा. आणि तिला सांगू नका.”

सासूबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. तिचा चेहरा बहुधा बघण्यासारखा झाला असावा. त्यांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि चहाचा कप ओढून विचारलं, “हं, त्या दोन मापांच्या पँटवाल्याचं काय झालं पुढे?”

थोरलीला आपली सकाळ परत मिळाली. ती कामावर गेली तेव्हा गुणगुणत होती.

पण तिच्या सुखात एक मिठाचा खडा होता. सासूबाईंना दाब तपासायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, “वा, पूर्वीपेक्षाही खाली आलाय.” आणि वाहवा झाली धाकटीची! वरच्या मजल्यावरची बाई आपल्या नवऱ्याच्या पट्ट्या पिशवीत घालून धाकटीकडे वाचून घ्यायला आली. समोरच्या घरातले आजोबा आले. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत धाकटी पट्ट्या उलटून बघतेय आणि माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसलीत, हे थोरलीला भाजी चिरता चिरता दिसायचं. दाब खाली आला तो माझ्या गोळीने, हे ओरडून सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं तर खोका बाहेर येणार. मग ती मूग गिळून बसायची आणि भाजी नको इतकी बारीक चिरायची.

हळूहळू सासूबाई भिंत धरून चालायला लागल्या. खुर्चीतून उठल्या की क्षणभर तशाच उभ्या राहायच्या, डोळे मिटून. थोरलीच्या ते लक्षात आलं. आधी तिच्या काळजात चर्र झालं, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या लवकर, तिला आनंद झाला. बघा, खडूने काय केलं ते बघा. माझी एकटी गोळी तरी किती पुरी पडणार, वरून हिच्या भुकटीत काय काय मिसळलेलं असेल कोण जाणे.

रात्री जेवताना तिने विषय काढलाच. “नवी गोळी सुरू झाल्यापासून आई भिंत धरून चालतात. कुणाचं लक्ष आहे का?”

घास घेता घेता सगळे थांबले. धाकटीचा चेहरा पडला. “आई, चक्कर येते का? आपण उद्याच डॉक्टरांकडे जाऊ.”

“काही नाही गं,” सासूबाई म्हणाल्या, “उन्हाचं होतं तसं. जेवा.”

“काही झालं तर मग बोलू नका,” थोरली म्हणाली. थोरलीच्या नवऱ्याने धाकटीकडे पाहिलं, आणि या वेळी त्या बघण्यात कौतुक नव्हतं. थोरलीने दुसऱ्या पहाटे गोळी दिली ती अगदी जीव ओतून दिली.

त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या. सुट्टीचा दिवस होता म्हणून सगळे घरात होते. न्हाणीघरापुढच्या बोळात आवाज झाला, आणि थोरली धावली तेव्हा सासूबाई भिंतीशी वाकड्या पडल्या होत्या, ओठ पांढरे, नवा चष्मा एका कानाला लटकलेला.

दवाखान्यात त्यांना पडद्याआडच्या खाटेवर घेतलं आणि हाताला सुई लावली. बाहेर बाकावर थोरलीचा नवरा बसला होता. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, पण तेव्हा त्याचा आवाज चढला. “चार पैसे वाचवायला आईच्या जिवाशी खेळलो आपण! कुणी सांगितले होते नसते उद्योग?”

या वेळच्या ‘आपण’मध्ये थोरली नव्हती. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, हातात गोळ्यांची पट्टी तशीच. तिचा नवरासुद्धा तिच्या बाजूने एक शब्द बोलला नाही, जमिनीकडे बघत राहिला. थोरलीने हा प्रसंग मनात कितीदा रंगवला होता. त्यात धाकटी अशीच एकटी पडायची. फक्त त्यात सासूबाई घरी खुर्चीत बसलेल्या असायच्या, चहा पीत.

डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. धाकटीने पट्टी पुढे केली. त्यांनी ती बघितली आणि परत दिली.

“गोळीत काही खोट नाही. आणि गोळी नकली असती तर दाब चढला असता. इथे तो पार तळाला गेलाय. दिवसाला किती घेतात ह्या?”

“एकच,” धाकटी म्हणाली. “मी स्वतः देते.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग दाब इतका का पडला ते शोधायला हवं. हृदय तपासावं लागेल. ठेवून घ्यावं लागेल, एकेक तपासणी करावी लागेल.”

थोरलीला उमगलं. खडू नव्हता तर तो. दोन्हींत औषध होतं. रोज पहाटे आपण आपल्या हाताने सासूबाईंना दुप्पट औषध पाजत होतो. तिने तोंड उघडलं. नवरा, दीर, डॉक्टर, धाकटी, सगळे तिथेच होते, आणि तिच्या तोंडातून शब्द निघेना.

“मीच घेत होते,” खाटेवरून आवाज आला.

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. “जुन्या पट्ट्या होत्या माझ्याकडे उरलेल्या. घेतलेली लक्षात राहत नाही. घेतली की नाही असं वाटतं, मग पुन्हा घेते. म्हातारपण आहे. दुसरं काय.”

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. कारण मिळालं होतं. एक दिवस ठेवून घेतो म्हणाले, तीच साधी गोळी एकच चालू ठेवा म्हणाले, आणि यापुढे कुणीतरी एकाने जबाबदारीने समोर बसून द्या, असं बजावलं.

सासूबाई घरी आल्या त्या वेगळ्याच घरात आल्या. मुलं त्यांच्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. थोरल्या मुलाने त्यांच्या कपाटाची किल्ली कमरेवरून काढून घेतली. दीर म्हणाला, “आई, गॅसला हात लावायचा नाही हं, कळलं का?” आणि कळलं की नाही ते पाहायला तिच्याकडून ‘कळलं’ असं म्हणवून घेतलं. जिने दोघांना वाढवलं, जिला वरच्या मजल्यावरच्या बाईच्या लग्नाचं साल आठवत होतं, ती मान हलवून ‘कळलं’ म्हणाली. थोरलीला ते बघवेना.

आणि मग नवऱ्याने जाहीर केलं, “यापुढे गोळ्या हिच्याकडेच. हिला आईच्या तब्येतीचं सगळ्यात आधी कळलं होतं.” धाकटीने बिस्किटांचा डबा आणून थोरलीच्या हातात दिला आणि आपल्या खोलीत निघून गेली. थोरलीला जे हवं होतं ते सगळं त्या डब्यातून परत आलं होतं. तिला तो खाली कुठे ठेवावा ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा झाला. सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या. थोरलीने साधी गोळी दिली, एकच. सासूबाईंनी ती घेतली.

“आई, खोटं का बोललात?”

“मग काय, तिथे डॉक्टरांसमोर तुझी वरात काढू?”

“तुम्हाला वेड्यात काढलं सगळ्यांनी.”

“काढू दे.”

“आणि दोन्ही का घेत होतात?” थोरलीचा आवाज फाटला. “तुम्हाला चक्कर येत होती, तुम्हाला समजत होतं. एक टाकून द्यायची ना. माझी टाकायची!”

सासूबाईंनी चहावर फुंकर घातली. “तुझी कशी टाकणार? तू समोर उभी राहतेस. घशाखाली जाईपर्यंत हलत नाहीस. एकदा तर जीभ दाखवा म्हणालीस.”

“मग तिची टाकायची.”

“तिची टाकता आली असती. ती हातावर ठेवते आणि जाते, वळूनसुद्धा बघत नाही.” त्या थांबल्या. “दोनदा खिडकीपर्यंत गेले होते घेऊन. पण ती बघत नाही ना, म्हणूनच नाही टाकवली गं.”

थोरली उठली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. इतकी वर्षं उशाशी बसलो, पहाटे उठलो, जिवाचं रान केलं, आणि आपली गोळी सासूबाईंनी घेतली ती सुटका नव्हती म्हणून. तिची घेतली ती मनापासून. असा जळफळाट तिला चष्म्याच्या वेळी झाला नव्हता की पट्ट्या घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांच्या वेळी झाला नव्हता. आणि या वेळी बोट दाखवायला समोर कुणीच नव्हतं.

घर जागं झालं. पुरुष आंघोळी उरकून बाहेर पडले. थोरलीने कपाटातून खोका काढला आणि ती धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी पलंगावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. डोळे सुजलेले होते.

“आई काही विसरल्या नव्हत्या,” थोरली उभ्या उभ्या म्हणाली. “दुसरी गोळी मी देत होते. ह्यातली. तुझ्या चोरून. संध्याकाळी दोघांना मीच सांगणार आहे. आईंची किल्ली त्यांना परत मिळायला हवी.”

धाकटीने खोक्याकडे पाहिलं. मग ती ओरडली. तिला ओरडता येतं हे थोरलीला माहीतच नव्हतं. “मला झोप नाही ताई! डोळे मिटले की आई पडलेल्या दिसतात. वाटतं, मी मारलं असतं त्यांना, दोन पैशांसाठी! आणि तुम्ही तिथे उभ्या होतात!”

“होते.”

“सगळे मला बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात!”

“ऐकत होते. आणि आधी बरंही वाटलं मला.” ते बोलून गेल्यावर थोरलीला वाटलं, आता ही खोका तोंडावर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं.

पण धाकटीने खोक्याला हातही लावला नाही. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं, बिल तपासताना जुळत असेल तसं. “म्हणजे आई तुमच्यासाठी खोटं बोलल्या.”

“हो.”

“स्वतःला वेडं ठरवून घेतलं. तुमचं नाव येऊ नये म्हणून.” ती चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “माझ्यासाठी नसतं केलं त्यांनी एवढं.”

थोरलीने तो आवाज ओळखला. तो तिचा स्वतःचा होता, इतके दिवस ती तोच आतल्या आत ऐकत आली होती. आणि धाकटीच्या तोंडून तो ऐकावा, एकदा तरी ऐकावा, याच्यासाठी तिने काय दिलं नसतं! आता फक्त दार ओढून घ्यायचं होतं. सासूबाई खोटं बोलल्या ते आपल्यासाठी, धाकटीसाठी नाही, हे घेऊन जन्मभर सुखाने चहा पिता आला असता. खिडकीपर्यंत नेलेल्या गोळीबद्दल धाकटीला काही ठाऊक नव्हतं. सासूबाई आपण होऊन सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

थोरली दाराकडे वळली, कडीला हात लावला, आणि तशीच, पाठमोरी, भराभर तोंडातल्या तोंडात सासूबाई काय म्हणाल्या ते बोलली.

“काय म्हणालात?” धाकटीने विचारलं. “ऐकू नाही आलं.”

मग थोरलीला मागे वळावं लागलं, आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, एक शब्द न गाळता सांगावं लागलं.